पहाटे साडेपाचची मध्यरात्र

शॉर्टवेव्ह ऐकून नोंदी ठेवणाऱ्याच्या वहीत तारीख रात्री बाराला बदलत नाही. ती पहाटे साडेपाचला बदलते. जगभरचे श्रोते नोंदीसाठी एकच घड्याळ वापरतात, यूटीसीचं, आणि आपण त्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे आहोत. सोमवारी पहाटे पाचला चहाचं आधण ठेवलं आणि एखादं लांबचं स्टेशन लागलं, तर नोंद पडते रविवारची, वेळ २३३०. चहा पिऊन होईस्तोवर वहीत सोमवार उजाडतो, वेळ ००००. रेडिओ सिलोनवरची बुधवार रात्री आठची बिनाका गीतमाला या घड्याळात दुपारी अडीचला, म्हणजे १४३० ला सुरू व्हायची!

म्हणून लॉग ठेवायचं सॉफ्टवेअर निवडायला बसलात, तर फिरणारी पृथ्वी, रंगीत नकाशे, सूर्यप्रकाशाची सरकणारी सीमारेषा हा सगळा साजशृंगार बाजूला ठेवा. आधी दोनच नोंदी टाका, एक पहाटे पाच-एकोणतीसची आणि दुसरी पाच-एकतीसची. त्या दोन वेगळ्या तारखांना पडल्या, तर गडी कामाचा.

दुसरी परीक्षा माझ्या मते पहिलीहून मोठी आहे. टाकलेल्या नोंदी बाहेर काढता येतात का? आत घ्यायला सगळेच उत्सुक असतात. बाहेर पडायचं दार कुठे आहे, आणि त्यातून सगळे रकाने जसेच्या तसे बाहेर येतात की निम्मे आतच राहतात, हे पहिल्याच दिवशी बघायचं. सॉफ्टवेअर लिहिणारा कंटाळतो, विंडोज बदलतं, हार्ड डिस्क जाते. श्रोत्याचा छंद मात्र चाळीस-पन्नास वर्षं सहज टिकतो.

मुंबईचं स्वतःचं घड्याळ

वेळेच्या गमती इथेच संपत नाहीत. भारताची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने ती मनापासून काही स्वीकारली नाही. 'बॉम्बे टाइम' नावाचं शहराचं स्वतःचं घड्याळ होतं, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, आणि ते १९५५ पर्यंत चालू होतं. म्हणजे एकाच शहरात दोन घड्याळं आणि दोघांत एकोणचाळीस मिनिटांचा फरक. आजोबांच्या जुन्या वहीत 'रात्री ८.२०' असं लिहिलेलं सापडलं, तर पहिला प्रश्न हाच: कुठल्या घड्याळाचे ८.२०?

त्यात युद्धाची भर. १ सप्टेंबर १९४२ ला देशभरची घड्याळं एक तास पुढे सरकवली गेली आणि १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच राहिली. त्या काळात भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता. ३० ऑगस्ट १९४२ चे रात्रीचे आठ म्हणजे १४३०, आणि ५ सप्टेंबरचे रात्रीचे आठ म्हणजे १३३०.

हे सगळं कुणी लक्षात ठेवायचं? संगणकाने. जगातल्या असंख्य संगणकांच्या पोटात वेळविभागांची एक सामाईक यादी असते. तिच्यात भारताच्या नोंदीचं नाव आहे 'एशिया/कोलकाता', आणि युद्धकाळातला तो एक तास तिथे व्यवस्थित लिहून ठेवलेला आहे. मुंबईसाठी मात्र वेगळी नोंद नाही. त्यामुळे एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब मुंबईकराने आपला आपणच करावा. जुन्या वह्या संगणकावर चढवायच्या असतील, तर सॉफ्टवेअर ही यादी वापरतं का हे जरूर पाहा. काही सॉफ्टवेअरं सरसकट साडेपाच तास वजा करून मोकळी होतात.

सगळ्यात चोख लॉग पोलिसांचा

१९४२ च्या त्या ऑगस्टचं उदाहरण उगाच घेतलं नाही. 'छोडो भारत' आंदोलनात नेते तुरुंगात गेले आणि २७ ऑगस्टला मुंबईतून एक भूमिगत रेडिओ बोलू लागला, काँग्रेस रेडिओ. त्यामागे होत्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे साथीदार. निवेदनात स्टेशनचा पत्ता 'भारतात कुठेतरी' एवढाच असायचा, आणि लहर सांगितली जायची ४२.३४ मीटर. तीन लाखांना मीटरने भागलं की ढोबळमानाने किलोहर्ट्झ मिळतात. म्हणजे ही लहर येते ७०८० ते ७०८५ च्या आसपास. आजच्या भारतीय हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, ४० मीटर बँडमध्येच! आज तिथे रोज सकाळी 'आवाज कसा येतोय' अशा शांत गप्पा चालतात.

प्रक्षेपणं करायची, जागा बदलायची, पुन्हा करायची, असा खेळ १२ नोव्हेंबर १९४२ पर्यंत चालला. मग धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यात काढली.

आता गंमत बघा. भूमिगत माणसं नोंदवह्या जपत नाहीत, जपूही नयेत. त्या प्रक्षेपणांत काय बोललं गेलं हे आज आपल्याला वाचायला मिळतं, ते मुख्यतः पोलिसांचे लोक कानाला हेडफोन लावून रोज शब्दन् शब्द टिपून ठेवत होते म्हणून. ज्यांना तो आवाज बंद पाडायचा होता, त्यांनीच तो जपला. आणि संदर्भ लावताना एक खाचखळगा ध्यानात ठेवा: स्टेशन सुरू झाल्यानंतर पाचव्या दिवशी देशाचं घड्याळच बदललं होतं.

याचं गोवेकर भावंडही आहे. २५ नोव्हेंबर १९५५ पासून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध एक गुप्त रेडिओ बोलायचा, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई तो चालवत. सुरुवातीला जागा होती आंबोलीचं जंगल, नंतर कॅसलरॉक. आंबोलीला ढग बघायला जाणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा ही बातमी दोघांनी विमानात बसून लाउडस्पीकरवरून पणजीला ऐकवली. लिबियाबाईंना २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली.

एक्सेल नावाचा आगाऊ मदतनीस

बहुतेकांचं पहिलं लॉग-सॉफ्टवेअर एक्सेलच असतं. फुकट नसलं तरी घरात असतंच. आणि खरं सांगायचं तर प्रसारणं ऐकणाऱ्याला ते पुष्कळदा पुरतंही. पण एक्सेलला वाटतं की आपल्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही वेळ लिहिता ००३०, ते पुढची शून्यं उडवून ३० करून ठेवतं. ०००० चं उरतं नुसतं ०. मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी एका फटक्यात लंगड्या. उपाय सोपा आहे. वेळेचा अख्खा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा, मगच लिहायला बसायचं.

फ्रिक्वेन्सीच्या रकान्याला मात्र उलटा न्याय. तो टेक्स्ट ठेवला तर क्रम लावताना ११६२० आधी येतो आणि ९४४५ नंतर, कारण अक्षरांच्या हिशेबात १ हा ९ च्या आधी. एक रकाना अक्षरांचा, शेजारचा आकड्यांचा, हे जमलं की एक्सेल माणसात आलं.

एक्सेलच्या या आगाऊपणाने शास्त्रज्ञही टेकीला आले होते. मानवी जनुकांपैकी काहींची अधिकृत आद्याक्षरी नावं 'मार्च१', 'सेप्ट१' अशी होती. एक्सेल त्यांचं १ मार्च आणि १ सप्टेंबर करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली! एक्सेल बदलण्यापेक्षा माणसाचं जनुक बदलणं सोपं गेलं म्हणायचं.

आणखी एक खोडी. मराठीत लिहिलेली सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की कधीकधी देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची जत्रा दिसते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने लिपी ओळखण्यात चूक केलेली असते. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडला की जत्रा उठते.

हॅमच्या मापाचा सदरा

बाजारात लॉगिंगची सॉफ्टवेअरं म्हणून जी नावं पुढे येतात ती बहुतांशी हॅम रेडिओवाल्यांसाठी लिहिलेली आहेत. विंडोजवर लॉगफोरओएम, लॉगर३२, डीएक्सकीपर. लिनक्सवर सीक्यूआरलॉग. मॅकवर रमलॉग. यातली बरीचशी फुकट आहेत आणि उत्तमही आहेत. अडचण वेगळीच आहे. हॅमची नोंद दुतर्फा असते. मी बोललो, तो बोलला, मी त्याला काय गुण दिले, त्याने मला काय दिले. श्रोता काहीच बोललेला नसतो, त्यामुळे निम्मे रकाने रिकामे राहतात. हॅम सॉफ्टवेअरला प्रत्येक नोंदीत कॉलसाइन, म्हणजे समोरच्याचं ओळखचिन्ह, हवंच असतं. आता तुर्कस्तानच्या किंवा चीनच्या परदेश सेवेचं कॉलसाइन तुम्ही कुठून आणणार?

गुणांची तऱ्हा तर न्यारीच. हॅम लॉगमध्ये '५९' हे गुण बहुधा आपोआप भरलेले येतात. स्पर्धांमध्ये तर समोरच्याचा आवाज जेमतेम कळत असला, दोनदा 'पुन्हा सांगा' म्हणावं लागलं, तरी गुण ५९ च. सगळे एकमेकांना पैकीच्या पैकी देतात आणि पुढे जातात. प्रसारण ऐकणाऱ्याला हे परवडत नाही. त्याचा अहवाल स्टेशनच्या अभियंत्याला उपयोगी पडायचा असतो, आणि खोटी स्तुती अभियंत्याच्या काय कामाची?

म्हणून श्रोत्यांची स्वतःची पद्धत आहे, सिन्पो. पाच आकडे: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा व्यत्यय, खरखर, आवाजाची चढउतार, आणि एकंदर. प्रत्येकाला १ ते ५. कागदावर ३१२५ वेगवेगळे निकाल शक्य आहेत. प्रत्यक्षात अनुभवी श्रोत्याच्या वहीत पंधरा-वीसच फिरून फिरून येतात. नवखा माणूस हमखास अडखळतो तो दुसऱ्या आकड्यावर. व्यत्यय खूप म्हणून तो ५ लिहितो. इथे ५ म्हणजे व्यत्यय अजिबात नाही. सगळीकडे ५ चांगला, १ वाईट, बस्स. सॉफ्टवेअरमध्ये सिन्पोचे पाच वेगळे रकाने असतील तर पुढे हिशेब मांडता येतो: पावसाळ्यात विजांची खरखर वाढते का, ऑक्टोबरनंतर ४९ मीटर सुधारतो का. पाचही आकडे एकाच चौकोनात कोंबले असतील तर फक्त वाचता येतं.

आकाशवाणी: पाच, आठ की चोवीस?

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोंदी न्यायच्या तर मधली भाषा लागते. रेडिओच्या छंदात ही भाषा म्हणजे एडीआयएफ. १९९६ पासून ती चालत आली आहे. तिचं व्याकरण गमतीदार आहे. टोकदार कंसात रकान्याचं नाव, मग अपूर्णविराम, मग पुढे किती अक्षरं आहेत तो आकडा, कंस बंद, आणि मग मजकूर. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तेवढी अक्षरं मोजायची आणि थांबायचं. साधं आणि भक्कम.

मराठी माणसाची पंचाईत इथे सुरू होते. 'आकाशवाणी' हा शब्द घ्या. तुम्ही-आम्ही मोजतो पाच अक्षरं: आ, का, श, वा, णी. संगणक काना आणि वेलांटी वेगळी मोजतो, म्हणून त्याच्या हिशेबाने आठ. आणि साठवताना यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून चोवीस. एका सॉफ्टवेअरने आठ लिहिलं आणि दुसऱ्याने बाइट मोजले तर शब्द 'आका'पाशी पोचायच्या आतच तुटतो. नियमावलीने यावर सरळ तोडगा काढला आहे. साध्या एडीआय फाइलमध्ये फक्त इंग्रजी की-बोर्डवरची चिन्हं. दुसऱ्या लिपीतला मजकूर हवा असेल तर एडीएक्स ही धाकटी बहीण वापरा, आणि तिथेही मजकूर घ्यायला रकाने वेगळे.

कार्यक्रमात काय ऐकलं हे मराठीतच लिहावं असं मला वाटतं. निवेदिकेचा खोकला आणि मधेच घुसलेलं अरबी गाणं परक्या भाषेत लिहिलं की त्याची चव जाते. तर मग सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी मराठी लिहायच्या, फाइल बाहेर काढायची, पुन्हा आत घ्यायची. काना-मात्रा शाबूत परतल्या तर पैसे मोजा.

एडीआयएफमध्ये 'ही नोंद श्रोत्याची आहे' असं सांगणारा एक हो-नाहीचा रकाना आहे, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणजे आपल्याला जेवायला बोलावलेलं आहे, फक्त पान जरा कोपऱ्यात मांडलंय.

नाव बदललं, स्टेशन तेच

रेडिओ सिलोन १९६७ मध्ये सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन झालं आणि १९७२ मध्ये श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन. आपल्या आज्या मात्र शेवटपर्यंत 'सिलोन'च लावत राहिल्या. एमिसोरा द गोवा हे पणजीचं पोर्तुगीज स्टेशन डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या बॉम्बखाली सापडलं आणि १९६२ मध्ये आकाशवाणी पणजी म्हणून पुन्हा बोलू लागलं. ऑल इंडिया रेडिओ हे नावही मे २०२३ मध्ये मागे पडलं आणि 'आकाशवाणी' एवढंच म्हणायचं ठरलं. लॉगमध्ये नुसतं नाव टाइप करत गेलात, तर वीस वर्षांनी शोधताना एकच स्टेशन तीन-चार तुकड्यांत सापडेल. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेशनला एक कायमचा क्रमांक असतो आणि नावं त्याला येऊन-जाऊन चिकटतात.

ही शहाणपणाची पद्धत सगळ्यात आधी कुणी काटेकोर पाळली असेल, तर हेरांचे आकडे ऐकणाऱ्यांनी. शॉर्टवेव्हवर काही स्टेशनं नाव सांगतच नाहीत, नुसते आकडे वाचतात. 'एनिग्मा' या श्रोत्यांच्या गटाने त्यांना स्वतःच सांकेतिक क्रमांक दिले. इंग्रजी बोलणाऱ्यांना ई, जर्मनला जी, स्लाव्ह भाषांना एस, मोर्सला एम. ४६२५ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं भोंग्यासारखा भुणभुणणारा रशियन 'बझर' म्हणजे एस२८. त्याची ओळख सांगणारी अक्षरं मधल्या काळात एकाहून जास्त वेळा बदलली. वहीत एस२८ म्हणजे एस२८.

एम म्हणजे मराठी नव्हे!

शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. हंगामांची नावं ए आणि बी, पुढे वर्षाचे दोन आकडे. ए२४, बी२४ असं. श्रोत्यांमध्ये 'आयबी' नावाची जर्मनीतून निघणारी फुकट यादी फार लाडकी आहे. साध्या मजकुराची फाइल, रकान्यांमध्ये अर्धविराम. लॉग-सॉफ्टवेअरने ही यादी आत घेतली, की तुम्ही फ्रिक्वेन्सी लिहिताच ते सांगतं: या वेळेला इथे हा असावा, नाहीतर तो.

यादीत भाषेच्या रकान्यात 'एम' दिसला की मराठी माणसाचा ऊर भरून येतो. भरू देऊ नका, तो मँडरिनचा आहे. शॉर्टवेव्हवर मराठी दुर्मीळ आहे, पण अगदीच नाही असं नाही. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती प्रसारकाच्या भाषांमध्ये मराठी आहे आणि त्यांच्या भारतीय कामाची मुळं पुण्यात आहेत. बर्लिनमधून सुभाषबाबूंनी चालवलेल्या आझाद हिंद रेडिओच्या बातमीपत्रांच्या भाषांतही मराठी होती. आणि मालाडच्या प्रक्षेपकावरून एकेकाळी ४८४० किलोहर्ट्झवर येणारी मुंबई आकाशवाणी जुन्या युरोपीय श्रोत्यांच्या वह्यांत मानाने विराजमान आहे.

सॉफ्टवेअरने सुचवलेलं नाव डोळे मिटून स्वीकारणं हा या छंदातला मोठा धोका. यादी म्हणते म्हणून तेच स्टेशन असेल असं नाही. ओळख कानानेच पटवायची, आणि त्यासाठी संकेतधुनीसारखी दुसरी खूण नाही. आकाशवाणीची सकाळची धून आठवा. ती १९३६ च्या सुमारास रचली वॉल्टर काउफमान यांनी. नाझींच्या भीतीने मुंबईत आलेले हे मध्य युरोपातले ज्यू संगीतकार पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. खरखरीतून ती धून दोन सेकंद जरी उमटली, तरी यादी उघडायची गरज नाही. नोंदीला आवाजाची छोटी फाइल जोडता येते का हे म्हणून पाहायचं. माझ्या मते नकाशापेक्षा हे कितीतरी जास्त मोलाचं.

ऐकलंच नाही, तरी नोंद

संगणकाला जोडायच्या एसडीआर (सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ) रिसीव्हरने लॉगिंगचा अर्थच बदलला. २०१२ मध्ये छंदिष्टांच्या लक्षात आलं की टीव्ही बघण्यासाठी मिळणारा स्वस्त यूएसबी डोंगल आतला कच्चा सिग्नल जसाच्या तसा संगणकाला देऊ शकतो. झालं, गरिबाघरी प्रयोगशाळा आली. चांगल्या एसडीआरने अख्खा बँड एकदम रेकॉर्ड करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी निवांत बसून त्यात हवं ते स्टेशन लावायचं. काल रात्री तुम्ही झोपलेले होता, तरी कालची नोंद आज घालता येते! किंमत मोजावी लागते डिस्कची. दोन मेगाहर्ट्झचा पट्टा सोळा बिटांमध्ये साठवला तर तासाला जवळपास २९ गिगाबाइट. एचडीएसडीआर हे सॉफ्टवेअर अशा फाइलच्या नावातच तारीख, यूटीसी वेळ आणि फ्रिक्वेन्सी घालून ठेवतं. वही हरवली तरी फाइलचं नाव साक्ष देतं.

नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर तर ब्राउझरमधून कुणालाही वापरता येतो. ठाण्यात बसून नेदरलँड्सच्या अँटेनावर ऐकायचं. ऐकायला सुंदर, पण ते 'ठाण्यात ऐकलं' म्हणून लिहायचं नाही. ज्या सॉफ्टवेअरमध्ये रिसीव्हर कुठला आणि अँटेना कुठली असे वेगळे रकाने नाहीत, ते आज घेऊ नये.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर? तीही नोंदच. १० मे २०२४ च्या रात्री सूर्याच्या वादळाने लडाखच्या हान्लेत आकाश लाल केलं. २००३ नंतरचं ते सर्वांत तीव्र प्रतीचं भूचुंबकीय वादळ होतं. अशा दिवशी 'आज हा बँड मुका' ही ओळ शास्त्रज्ञाला दहा स्टेशनांच्या यादीइतकीच कामाची. अमेरिकेतला हॅमसाय हा गट २०१७ आणि २०२४ च्या सूर्यग्रहणांत हौशी लोकांच्या अशाच नोंदींवरून वरच्या वातावरणाचा अभ्यास करत आला आहे. गंमत अशी की बहुतेक लॉग-सॉफ्टवेअरं स्टेशनचं नाव भरल्याशिवाय नोंद घेतच नाहीत. मग लोक 'काही नाही' या नावाचं स्टेशन तयार करतात आणि काम भागवतात.

नोबेलवाल्याचा वहीलेखक

हॅमच्या दुबळ्या डिजिटल संदेशांचा अर्थ लावणारं डब्ल्यूएसजेटी-एक्स हे फुकट सॉफ्टवेअर ज्यांच्या पुढाकाराने आलं ते जो टेलर म्हणजे १९९३ चे भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते. दोन ताऱ्यांच्या जोडीतला पल्सार शोधणारे. त्यांच्या कामात एफटी८ ही पद्धत सगळ्यात लोकप्रिय. एफ फ्रँके यांचा, टी टेलर यांचा. दर पंधरा सेकंदांना एक फेरी. संगणकाचं घड्याळ एक-दोन सेकंदांहून जास्त चुकलं, तर संदेश उमगत नाही. श्रोत्याने हे सॉफ्टवेअर नुसतं चालू करून ठेवलं तरी उलगडलेला प्रत्येक संदेश ते निमूटपणे एका मजकूर-फाइलमध्ये लिहीत जातं. ती फाइल आपोआप कधीच कमी होत नाही. एके दिवशी डिस्क का भरली हे शोधताना ती सापडते, भली थोरली.

कान लावून टिपणं हा पोटापाण्याचा उद्योगही होता. बीबीसीने १९३९ मध्ये जगभरची रेडिओ स्टेशनं ऐकायला एक विभागच काढला. तिथे ऐकायला बसलेल्यांत कलेचे इतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख होते. १ मे १९४५ ला जर्मन रेडिओवर ब्रुकनरची सातवी सिंफनी लागली. तिचा संथ भाग वाग्नरच्या मृत्यूशी जोडलेला, हे त्यांना ठाऊक होतं. मोठी घोषणा येतेय हे ओळखून त्यांनी चिठ्ठ्यांवर संभाव्य बातम्या आधीच लिहून ठेवल्या. घोषणा होताच 'हिटलर मेला' या चिठ्ठीवर बोट ठेवलं. लंडनला फोन गेला. सिन्पो काय होता ते कुणी विचारलं नाही.

दीड महिना बंद वही

लॉग क्लाउडवर ठेवावा का? ठेवा, पण प्रत घरी असू द्या. हॅम मंडळींचं सगळ्यात मोठं ऑनलाइन लॉगबुक म्हणजे अमेरिकेच्या एआरआरएल या हॅम संस्थेचं 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड', २००३ पासूनचं. मे २०२४ मध्ये संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. लॉगबुकमधल्या नोंदी सुरक्षित राहिल्या, पण सेवा १ जुलैपर्यंत बंद होती आणि संस्थेला दहा लाख डॉलरची खंडणी मोजावी लागली. जगभरचे हॅम दीड महिना आपल्या संपर्कांच्या पुष्टीची वाट बघत बसले.

श्रोत्यांचं मात्र त्या काळात काहीच अडलं नाही. ते लॉगबुक दुतर्फा संपर्कांसाठीच आहे. नुसतं ऐकणाऱ्यांना तिथे पहिल्या दिवसापासूनच प्रवेश नव्हता.